झोपण्यापूर्वी वाचायची यमकातली राक्षसांची चित्रपुस्तके कशी निवडावीत?

हेमांगी_क

नमस्कार. माझी मुलगी आता चार वर्षांची होईल. तिला रात्री झोपण्यापूर्वी पुस्तक वाचून दाखवण्याचा आमच्याकडे नेम आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून तिची सगळी आवड राक्षस, भुते, शिंगवाले, सुळेवाले अशा मंडळींकडे वळली आहे. त्यातही मजकूर यमकात असेल तर तिचा आनंद वेगळाच असतो. ओळीचा शेवटचा शब्द मी उच्चारण्याआधीच ती तो म्हणून टाकते आणि मी मुद्दाम चुकीचा शब्द घातला तर मला दटावते.

माझे प्रश्न असे आहेत. पहिला, या वयाच्या मुलाला अगदी झोपेच्या तोंडावर राक्षसांची पुस्तके वाचून दाखवणे योग्य आहे का? सासूबाईंचे स्पष्ट मत आहे की दिवेलागणीनंतर राक्षसाचे नावसुद्धा घरात निघू नये. दुसरा, विषय तोच असूनही काही पुस्तकांनंतर ती पाच मिनिटांत झोपते आणि काहींनंतर तासभर गादीवर उड्या मारते, हा फरक कशामुळे पडत असावा? आणि तिसरा, मराठीत या प्रकारची चांगली पुस्तके कोणती? आमच्याकडच्या काही अनुवादांत यमक आहे, पण मोठ्याने वाचू लागले की जीभ अडखळते आणि मुलीचे लक्षही उडते.

गोदाकाठ

हेमांगीताई, मी पुष्कळ वर्षे बालवाडीत शिकवले, तेव्हा पहिल्या प्रश्नापुरते सांगते. साधारण तीन ते सहा या वयात अंधाराची आणि काल्पनिक प्राण्यांची भीती वाटणे हा वाढीचाच भाग आहे, कारण या वयात कल्पनाशक्ती जोरात धावू लागलेली असते, पण खरे आणि मनातले यांच्यामधली रेघ अजून पक्की झालेली नसते. म्हणजे राक्षसाचे पुस्तक घरात आणले नाही म्हणून राक्षस घरात यायचा थांबत नाही. तो पडद्याच्या सावलीतून येतो, मोरीतल्या आवाजातून येतो, आणि तिथे त्याला ना तोंड असते ना नाव. पुस्तकातल्या राक्षसाला निदान रंग असतो, पोट असते, त्याला भूक लागते, आणि पान उलटले की तो जातो.

म्हणून विषय टाळण्यापेक्षा गोष्टीची घडण पाहावी. माझ्या अनुभवात दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. गोष्टीत निर्णय कोणाच्या हाती आहे, हे पहिले पाहावे: लहान मूल किंवा लहान प्राणी युक्ती करतो, हुकूम सोडतो, राक्षसाची समजूत घालतो, अशी गोष्ट रात्री चालते. मूल नुसतेच पळते आहे आणि शेवटी कोणीतरी मोठा येऊन सोडवतो, अशी गोष्ट रात्री तितकीशी बरी नाही. दुसरे म्हणजे शेवट. गमतीच्या पुष्कळ पुस्तकांत शेवटच्या पानावर ‘आणि आता तो तुमच्याच खाटेखाली आहे’ अशा थाटाची कोपरखळी असते. दुपारी वाचताना तिच्यावर मुले खदखदून हसतात, पण दिवा मालवण्यापूर्वीचे ते शेवटचे वाक्य असू नये. नवे पुस्तक नेहमी दिवसाउजेडी एकदा वाचावे आणि मूल कुठल्या पानावर गप्प होते, कुठे तुमच्या अंगाला चिकटते, हे पाहून मगच त्याला रात्रीच्या ढिगात जागा द्यावी.

आणखी एक, कारण पालक यात हमखास घोळ घालतात. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच मूल किंचाळत उठते, तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, हा गाढ झोपेतला प्रकार वाईट स्वप्नापेक्षा निराळा असतो. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडते आणि मूल पूर्ण जागे होऊन ते सांगू शकते. पहिल्या प्रकारासाठी पुस्तकाला दोष देऊन काही साधत नाही. तो वारंवार होऊ लागला तर डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या प्रकारात स्वप्नातला प्राणी पुस्तकातलाच आहे असे मूल सांगत असेल, तर ते पुस्तक काही दिवस वरच्या फळीवर ठेवावे.

निनाद_प

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. आपल्याकडे बागुलबुवा हा पिढ्यान्‌पिढ्या मुलांना गप्प बसवण्यासाठी वापरला गेला आहे: जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल, झोपला नाहीस तर झोळीत घालून नेईल. ज्या घरात ही धमकी अजूनही कोणी ना कोणी, म्हणजे आजी, शेजारीण, सांभाळणारी बाई, सहज देऊन जाते, तिथे पुस्तकातला राक्षस कितीही गोंडस असला तरी मुलाच्या मनात तो त्या धमकीशी जोडला जाणारच. आधी धमकी बंद करावी आणि मग पुस्तक आणावे, असा क्रम मला योग्य वाटतो.

शिवाय झोपेच्या वेळी पुस्तकाचे काम मुलाला शांत करणे हे आहे, त्याची करमणूक करणे नव्हे. आम्ही रात्री आगगाडी, भाजीबाजार, पाऊस असली निवांत पुस्तके वाचतो आणि राक्षसांना रविवारची सकाळ दिली आहे. त्यांचे तिथे उत्तम चालले आहे.

अनुस्वार

निनादराव, धमकीबद्दलचे तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. मात्र शांत करण्याचे काम विषय करतो की लय करते, याचा विचार व्हायला हवा, आणि हेमांगीताईंच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते.

यमक म्हणजे ओळीच्या शेवटी जुळणारे अक्षर एवढेच समजून जी पुस्तके लिहिली जातात, ती वाचताना अडखळतात. मुलगी शेवटचा शब्द आधीच म्हणते, याचे कारण केवळ यमक नव्हे. तो शब्द नेमका कधी येणार हे तिच्या कानाला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असते ओळीच्या मापामुळे. उदाहरणादाखल दोन नमुने इथेच रचून देतो. पहिला असा:

पलंगाच्या खाली एक भयंकर राक्षस होता दडला,
आणि आजूबाजूचा सगळा अंधार बघून तो मोठमोठ्याने रडला.

आता दुसरा:

खाटेखाली राक्षस दडला,
अंधाराला पाहुन रडला.
सोनू म्हणते, वर ये, वर ये,
दुलई माझी अर्धी तू घे.

‘दडला’ आणि ‘रडला’ हे यमक दोन्हींकडे तेच आहे, प्रसंगही तोच आहे. पण पहिल्यात दुसरी ओळ कधी संपणार याचा अंदाज ना वाचणाऱ्याला येतो ना ऐकणाऱ्याला, त्यामुळे यमक आले तरी ते आल्याचे सुख होत नाही. दुसऱ्यातली प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, आठ-आठांच्या दोन तुकड्यांची आहे. ऱ्हस्व म्हणजे लघू अक्षराची एक मात्रा, दीर्घ म्हणजे गुरू अक्षराची दोन (अनुस्वार असलेले किंवा पुढे जोडाक्षर आलेले अक्षरही बहुधा गुरूच धरतात), असे बोटांवर मोजून पाहावे. हे आपले जुने पादाकुलक नावाचे वृत्त. असंख्य मराठी कविता या चालीत बसलेल्या असल्याने ती आपल्या जिभेवर आधीपासूनच असते, वेगळी शिकावी लागत नाही.

आता झोपेचा मुद्दा. त्याच चार ओळींत ‘राक्षस दडला’ हा तुकडा आणि ‘अर्धी तू घे’ हा तुकडा शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहा. मात्रा दोन्हीकडे आठच, पण पहिल्यात लघू अक्षरे दाटीने येतात म्हणून तो दुडदुडतो, आणि दुसऱ्यात चारही अक्षरे गुरू असल्याने वाचणाऱ्याला आपोआप सावकाश जावे लागते. ज्या पुस्तकात शेवटच्या पानांकडे येताना ओळी अशा संथ होतात, शेवटचा स्वर लांबवता येतो, प्रत्येक पानावर पाहण्यासारख्या गोष्टी कमी होत जातात, ते पुस्तक मुलाला निजवते, मग त्यात राक्षस असोत वा आगगाड्या. आणि जे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत धडाधडा धावते, शेवटी ‘भॉ’ करते, त्याच्यानंतर गादीवर उड्या होणारच. आगगाडीचे पुस्तकही झुकझुक करत वेग वाढवणारे असेल तर हाच अनुभव येईल.

अनुवाद अडखळतात, त्याचे एक कारण इंग्रजी पद्याच्या स्वभावात आहे. तिथे लय शब्दांतल्या आघातांवर चालते. ओळीत ठोके किती हे महत्त्वाचे, मधल्या हलक्या अक्षरांची संख्या थोडी कमीजास्त झाली तरी चालते. मराठीत आघात इतका ठळक नसल्याने तीच ओळ शब्दाला शब्द ठेवून उतरवली की ठोके नाहीसे होतात आणि उरते ते शेवटी यमक चिकटवलेले गद्य. चांगला अनुवादक गोष्ट आणि चित्रे कायम ठेवून ओळी नव्याने, मराठी मापात रचतो. विकत घेण्यापूर्वी दुकानात उभ्याउभ्या मधलेच कुठले तरी पान कुजबुजत्या आवाजात वाचून पाहावे. पहिल्याच वाचनात जीभ अडली नाही, तर रात्री पेंगत वाचतानाही अडणार नाही.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. बोलताना आपण ‘घर’, ‘वर’, ‘राक्षस’ यांच्या शेवटचा अ गिळतो, पण मात्रा मोजताना तो धरलेला असतो. म्हणून मापात रचलेली ओळ बातम्या वाचाव्यात तशी वाचली तर तीही लंगडी वाटते. थोडी चाल लावून, शेवटचे अक्षर सोडून न देता वाचले की ती उभी राहते. ‘ये रे ये रे पावसा’ आपण असेच म्हणतो, स्वर हवा तिथे ताणून. तिथे तर मात्रांपेक्षा टाळीचाच हिशेब चालतो.

सांजवेळ

मी एका सोसायटीतले मुलांचे वाचनालय चालवण्यात मदत करते, त्यामुळे थोडे पुस्तकांविषयी.

राक्षस आणि झोप हा वाद नवा नाही. मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ साली अमेरिकेत निघाले, चित्रपुस्तकांसाठीचे १९६४ चे कॅल्डेकॉट पदक त्याला मिळाले, आणि तरीही मुले घाबरतील म्हणून त्यावर टीका झाली. ब्रूनो बेटेलहाइम या नामांकित बालमानसतज्ज्ञांनी १९६९ मध्ये एका मासिकातल्या सदरात त्यावर आक्षेप घेतला, तोही पुस्तक स्वतः न वाचता. गंमत अशी की याच गृहस्थांनी १९७६ मध्ये परीकथांतली भीती मुलांच्या मनाला कशी उपयोगी पडते यावर अख्खा ग्रंथ लिहिला. सेंडाक यांनी त्या पुस्तकातल्या राक्षसी प्राण्यांचे चेहरे लहानपणी ब्रुकलिनच्या घरी येणाऱ्या, गाल ओढणाऱ्या नातेवाइकांवरून घेतल्याचे अनेकदा सांगितले आहे, आणि असे पाहुणे आपल्यालाही काही अनोळखी नाहीत. ते पुस्तक यमकात नाही, लयदार गद्यात आहे, पण अनुस्वार यांनी सांगितलेली ‘शेवटाकडे शांत होण्याची’ गोष्ट त्यात चित्रांनी साधली आहे. पहिल्या पानांवरचे चित्र लहान असते, गोष्टीतल्या मॅक्स या मुलाचा हट्ट वाढतो तसे ते वाढत जाते, मध्ये धिंगाण्याची तीन जोडपाने शब्दांशिवाय येतात, मग चित्र पुन्हा आवरते घेतले जाते, आणि अगदी शेवटी चित्र उरतच नाही, फक्त शब्द उरतात.

यमकातल्या राक्षसाचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे ज्युलिया डोनाल्डसन यांचे ‘द ग्रफेलो’, चित्रे अ‍ॅक्सेल शेफ्लर यांची, वर्ष १९९९. मूळ चिनी लोककथेत एक मुलगी वाघाला फसवते. डोनाल्डसन यांना वाघाशी यमक जमेना म्हणून त्यांनी एक नवाच प्राणी रचला. गोदाकाठताईंच्या कसोटीवर हे पुस्तक पूर्ण उतरते: सगळी सूत्रे एका उंदराच्या हाती आहेत आणि शेवटी जंगल शांत होते. तेच ते कडवे थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे मुलांना पुढचे आधीच म्हणता येते.

एड एम्बर्ली यांचे ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर’, १९९२ चे, यमकात बसत नाही, पण घाबरट मुलांसाठी मी ते पहिल्यांदा काढते. पाने कापलेली आहेत. एकेक पान उलटताना डोळे, नाक, दात असा राक्षस तयार होतो आणि मग मूल हुकूम देईल तसा एकेक अवयव नाहीसा होतो. पान उलटायचे काम मुलाकडेच द्यावे, वाचणाऱ्याने हात लावू नये. आमच्याकडच्या प्रतीत कानांजवळची कड इतक्या मुलांनी हाताळली आहे की तिला आता चिकटपट्टीचा आधार आहे.

भारतात पाहायचे तर सुकुमार राय यांचे ‘आबोल ताबोल’ हे या प्रकाराचे मूळपीठच मानावे लागेल. १९२३ च्या सप्टेंबरात, त्यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांनी ते प्रसिद्ध झाले, चित्रेही त्यांचीच. त्यात एक शिंगाड्या प्राणी ‘भिऊ नकोस, मी तुला मारणार नाही’ असे परोपरीने समजावत राहतो आणि शेवटी, एवढे सांगूनही भ्यालास तर आम्ही सहकुटुंब चावू, असे सुनावतो. हे दुपारी वाचावे, आणि जमल्यास मूळ बंगाली कोणाकडून तरी ऐकावे.

मराठीत विंदा करंदीकरांकडे वळावे. त्यांच्या बालकवितांत ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ (१९८१) आहे, पुढे ‘बागुलबोवा’ही आहे. त्यांची भुते हसवता हसवता हलकेच अंगावर येतात आणि त्यांचे माप पक्के असते, त्यामुळे मोठ्याने वाचायला ती उत्तम. चार वर्षांच्या मुलीला सगळे शब्द कळणार नाहीत, पण चाल कळते. अडचण एवढीच की ही आधी कवितांची पुस्तके आहेत. एका पानावर दोन ओळी आणि बाकी सगळे चित्र, अशी ३२ पानांची यमकातली राक्षसकथा मराठीत मुळातून लिहिलेली फारच थोडी मिळते. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके दर्जेदार आहेत, मात्र त्यांतली बरीचशी घरगुती विषयांवरची आणि गद्यातली आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके विनामूल्य वाचता आणि उतरवून घेता येतात. तिथे अनुवादांचा दर्जा खाली-वर आहे, म्हणून कुजबुजून वाचण्याची परीक्षा आवश्यक. आणि रात्री ती पडद्यावर दाखवण्यापेक्षा कागदावर छापून, दोऱ्याने शिवून घ्यावीत असे मी सुचवेन.

हेमांगी_क

सर्वांचे मनापासून आभार. उड्या मारायला लावणारी पुस्तके काढून पाहिली, तर खरोखरच त्या सगळ्यांचा शेवट धक्क्याचा आहे. ती आता सकाळच्या ढिगात गेली. सासूबाईंना वरच्या चार ओळी वाचून दाखवल्या, तेव्हा त्यांनी ‘दुलई’च्या जागी ‘गोधडी’ हवी एवढीच हरकत घेतली, म्हणजे प्रकरण बरेच पुढे सरकले आहे.

एक शंका राहते. ‘ग्रफेलो’ आमच्याकडे इंग्रजीत आहे आणि मुलीला इंग्रजी फारसे येत नाही. मी वाचता वाचता एकेक ओळ मराठीत सांगते, तर ते ना धड गोष्ट राहते ना गाणे. काय करावे?

अनुस्वार

आधी सासूबाईंच्या हरकतीविषयी: ‘दुलई’च्या चार मात्रा आहेत आणि ‘गोधडी’च्या पाच, म्हणून ‘गोधडी माझी’ म्हटले तर आठांऐवजी नऊ मात्रा होतात. ती एक जास्तीची मात्रा टाळण्यासाठी ‘डी’ ऱ्हस्व करून ‘माझी गोधडि’ म्हणून पाहा, आकडा आठवर येईल: मा-झी चार, गो-ध-डि चार. म्हणजे ओळ होईल ‘माझी गोधडि अर्धी तू घे’. त्यांना कळवावे.

आता इंग्रजी पुस्तकाचे. एकाच बैठकीत दोन्ही करू नये. दुपारी चित्रे दाखवत संपूर्ण गोष्ट आपल्या मराठीत, गद्यात, हवी तितकी फुलवून सांगावी: उंदीर कोणाला भेटला, काय थाप मारली, पुढे ती थाप त्याच्यासमोर कशी उभी राहिली. एकदा गोष्ट ठाऊक झाली की रात्री इंग्रजी मजकूर मध्ये न थांबता, अर्थ न सांगता, चालीवर वाचावा. तिला गोष्ट आधीच माहीत असल्याने ती चित्रावरून बरोबर जागा ओळखेल आणि कान लयीकडे राहील.

गोदाकाठ

याला माझी पुस्ती. ती तेच पुस्तक रोज मागू लागली तर कंटाळून बदलू नका. या वयात तेच ते पुन्हा ऐकण्यातून शब्द पक्के होतात, आणि राक्षसाच्या बाबतीत तर पुढच्या पानावर काय आहे हे आधी माहीत असणे हीच तिची सत्ता असते. तुम्हालाच फार कंटाळा आला, तर एक रात्र वाचण्याचे काम तिच्याकडे द्यावे आणि शेवटचे शब्द तुम्ही म्हणावेत. मुद्दाम चुकीचे म्हणायची परवानगी मात्र तिच्याकडून आधी मागून घ्यावी.